दाराबाहेर उभा सरदार

त्या दाराला बाहेरून कडीच नव्हती, हे मला जरा उशिरा दिसलं.

माझा एक जुना विद्यार्थी, वसईचा, आता बेल्जियममध्ये फादर आहे. तो आम्हा नवरा-बायकोला तिथलं एक चर्च दाखवत होता. काही शतकांपूर्वी राजाने स्थापलेल्या एका कॅथलिक सरदारसंघाची सभा आतल्या दालनात भरत असे. भिंतीवर प्रत्येक सरदाराची रंगीत ढाल टांगलेली होती. फादर म्हणाला, "सर, यांची एक रीत होती. एकेका सरदाराने उठून बाहेर जायचं आणि बाकीच्यांनी आत त्याचे दोष बोलायचे. मग त्याला बोलावून तोंडावर ऐकवायचे. राजासुद्धा सुटत नसे."

"मग मी जातो बाहेर," मी हसत म्हणालो. "सुनंदा, होऊन जाऊ दे!"

दार मागे लागलं. आधी दोघांचं हसणं ऐकू आलं. मग फक्त सुनंदाचा आवाज, हलका, थांबत थांबत, आणि बराच वेळ तोच. शब्द कळत नव्हते. आत जावं म्हणून हात पुढे केला, तर दार उघडायला बाहेरून कडीच नाही. लढाईत न डगमगणारी ती माणसं याच थंड फरशीवर काय काय आठवत उभी राहिली असतील? मला तर संसाराची एकतीस वर्षं आठवायला लागली, आणि तीही नको तिथून.

दार उघडलं. सुनंदाने डोळे पुसलेले दिसत होते.

"चला," ती म्हणाली, "जेवायला उशीर होतोय."

त्या सरदारांना निदान आत बोलावून सांगत तरी असत.