दिल्लीची हवा आणि सूर्याची रेषा

दिल्लीचा हा प्रवास लिहायचा मी वर्षानुवर्षं टाळला. कोणी विचारलंच तर कुतुबमिनार आणि छोले-कुलच्यांवर भागवायचो. खरं म्हणजे एका बाईंची सूर्य-दुर्बीण बंद करायची की नाही, हे ठरवायला मी गेलो होतो.

मालतीबाई मूळच्या साताऱ्याच्या. सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले की पडणाऱ्या पट्ट्यात त्यांना एक अंधुक काळी रेषा सापडली होती. ती सूर्याच्या वातावरणातल्या वरच्या थराची, असं त्यांचं म्हणणं. मीही सूर्याचाच अभ्यासक; पुण्याच्या सभेत मी म्हणालो होतो, "अहो बाई, हा सूर्य नव्हे, दिल्लीच्या हवेतली वाफ!" सभागृह हसलं. त्यांच्या दिल्लीच्या संस्थेने काम थांबवायचा घाट घातला आणि शेवटच्या तपासणीला मलाच बोलावलं.

पहाडगंजच्या हॉटेलातून सकाळी स्कूटर (रिक्षाला तिथे स्कूटर म्हणतात) केली. चालक म्हणाला, "सूरज देखने आए हो? क्यों, पूना में नहीं निकलता?" शहर संपलं, मोहरीची पिवळी शेतं लागली, मग दुर्बिणीची उघडीबोडकी टेकडी. उतरताना ठेचकाळलो, चप्पल तुटली.

मालतीबाईंनी मुळ्याचे पराठे पुढे केले. "आधी खा साहेब, मग फाशी द्या."

अंधाऱ्या खोलीत आरशावरून आलेला प्रकाश बारीक फटीतून जाऊन लांबलचक लाल पट्टा होऊन पसरला होता. त्यात काळ्या रेषा.

"सूर्य स्वतःभोवती फिरतो," त्या म्हणाल्या. "एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते. रेषा सूर्याची असेल तर कड बदलली की सरकेल. दिल्लीच्या वाफेची असेल तर ढिम्म हलणार नाही. बघा."

त्यांनी आरसा वळवला. शेजारच्या, हवेतल्या वाफेच्या रेषा खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. त्यांची रेषा सरकली.

"पुन्हा दाखवा."

पुन्हा सरकली. एवढी साधी परीक्षा, आणि हसण्याआधी मी तिची चौकशीसुद्धा केली नव्हती!

बाहेर संस्थेचे संचालक उभे होते. "तो साहब, दिल्ली की हवा ही है ना?"

मालतीबाई दारात थांबल्या होत्या. माझ्या तोंडून निघालं, "साफ नहीं दिखा."

हे मी बोललो? पुण्यातलं ते हसू आता माझ्यावर उलटेल, एवढंच मनात होतं. मालतीबाईंनी आत जाऊन आरशावर कापड टाकलं.

परतीच्या गाडीत चंबळच्या घळी सरकत होत्या आणि मी मनात वाक्य जुळवत होतो. दुर्बीण बंद झाली. पुढे एका लग्नात त्या शेजारी बसल्या. "तब्येत काय म्हणते, साहेब?" मी म्हणालो, "बरी आहे." जिलबी आली, पंगत उठली.

आता त्या नाहीत. जुळवलेलं वाक्य एवढंच होतं: मालतीबाई, मला सगळं स्वच्छ दिसलं होतं. मला क्षमा करा.