तुरटीचं पाणी

शेळीच्या कलेजीत राहणारा चपटा किडा बाहेर वाढवणं म्हणजे काय, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी निमूट बी.एड. केलं असतं. पानासारखा दिसतो म्हणून पुस्तकात त्याला पर्णकृमी म्हणतात. खाटकाकडून कलेजी आणायची, किडे काढायचे, त्यांची अंडी धुऊन दोन-तीन आठवडे अंधारात ठेवायची. अंड्यातून निघालेली पिल्लं काही तासांत पाण्यातल्या गोगलगायीच्या अंगात शिरली नाहीत तर मरतात. शिरलीच, तर पुढे दीड-दोन महिने ती गोगलगाय जगवायची, मग कुठे तिच्यातून शेपटीवाली पिल्लं बाहेर पडतात. मला ती पिल्लं हवी होती. दोनदा डाव फसला होता. पीएचडीची शेवटची मुदतवाढ सरत आली होती आणि मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘या खेपेला जमलं नाही तर नोंदणी रद्द करावी लागेल.’

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजला कुलूप लागणार, म्हणून गोगलगायींचे दोन टब मी रिठदला घरी आणले. एसटीत, मांडीवर धरून. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘मासोया हायेत का वं?’ मी हो म्हटलं. खरं सांगायची हिंमत घरात तरी कुठे होती? आमच्याकडे अंडंही चालत नाही. आई पाहुण्यांना सांगायची, पोरगी औषधाचं शिकते. टब ठेवलेल्या खोलीकडे ती फिरकायची नाही.

एक गोगलगाय फोडून सोबत आणलेल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर आत पिल्लं वळवळत होती. आठवड्याभराचा प्रश्न होता. आणि दुष्काळात तेरावा महिना, मी तापाने आडवी झाले.

टबांतलं पाणी रोज अर्धं बदलावं लागे. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून मी तलावाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलं होतं. अंथरुणातूनच आईला विनवलं, ‘आई, कशालेच हात नको लावू. निस्तं अर्धं पाणी काढ अन् कॅनमधलं टाक.’ ती नाकाला पदर लावून आत गेली, एवढंच आठवतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. टबापाशी गेले, तर पाणी स्वच्छ, तळ दिसत होता. तळाशी सगळ्या गोगलगायी अंग आत ओढून पडलेल्या. एकीला सुईनं टोचलं. हलली नाही. दुसरीला टोचलं, तिसरीला. मग दुसऱ्या टबातल्या. मी वेड्यासारखी टोचत राहिले.

‘काय टाकलं तू याच्यात?’

‘काई नाई वं. पाणी लय गढूळ होतं, म्हून तुरटी फिरवली. आपण पेतो तसंच केलं.’

आमच्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरव असं कुणाला सांगावं लागत नाही. हंडा आला की हात आपसूक तुरटीकडे जातो. माझाही जातो. तुरटीनं गोगलगायी मरतात हे घरात फक्त मला ठाऊक होतं आणि मीच सांगायला विसरले होते. पण ओरडले मात्र तिच्यावर.

‘सहा वर्षं मातीत घातली तू माही! काहून अक्कल चालवली?’

‘मले काय मालूम वं, तुरटीनं जीव मरते म्हून,’ ती हळूच म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

दुपारभर ती दिसली नाही. मी भिंतीला टेकून बसले होते. रडूही येत नव्हतं. दिवस कलताना ती आली, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली. तलावावर गेली होती. लुगड्याच्या ओच्यात गोगलगायी होत्या, ओचा भरून.

‘हे घे. आता म्या तुरटी नाई फिरवत. ह्या चालतीन ना वं?’

नव्हत्या चालणार. त्यांच्यात नवी पिल्लं सोडून पुन्हा दोन महिने थांबायचं, आणि माझ्या हातात पंधरा दिवस होते.

‘चालतीन,’ मी म्हटलं आणि टब तिच्यापुढे सरकवला. ती खाली बसली. एकेक गोगलगाय चिमटीत धरून, चिखल पुसून पाण्यात सोडू लागली.

मी गच्चीवर जाऊन सरांना फोन लावला. पलीकडून सर ‘बोला’ म्हणाले, तेवढ्यात खालून आईनं विचारलं, ‘रोज कितीक पाणी बदलू वं?’

‘अर्धं,’ मी वाकून सांगितलं. मग फोन कानाला लावला आणि म्हणाले, ‘सर, माझी नोंदणी रद्द करा.’