वाचून दाखवल्याची वही

विजूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात एका पत्रकाची प्रुफं तपासत उभी होते. फोन चित्राताईंचा होता. आत्याच्या विम्याच्या ऑफिसात त्या पहिल्यापासून तिच्यासोबत होत्या. "बाई जिन्यात बसल्या, दम लागला म्हणून," त्या म्हणाल्या, "मी पाणी आणायला वर गेले... आणि आले तर..." मी "काय झालं, काय झालं" असं ओरडत राहिले. खरं तर मला पहिल्या वाक्यातच कळलं होतं.

याला आता सहा आठवडे झाले. या दिवसांत भेटायला आलेली माणसं आत्याला मनमिळाऊ, गोड स्वभावाची म्हणाली. मेलेल्या माणसाला असं गोड करून टाकणं मला पटत नाही. आत्या गोड नव्हती. ती चिकित्सक होती, संशयी होती, आणि तिच्यासमोर बसलेल्या माणसाला ती अक्षरशः वात आणायची. तिच्याकडे विमा काढायला गेलेला माणूस अर्ध्या तासात परत यायचा नाही. ती फॉर्ममधला एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायची, पेनानं टेबलावर टक् टक् करायची आणि थांबायची. उत्तर आलं की लिहायची. मग म्हणायची, "आता तुम्ही काय सांगितलं ते मला सांगा." माणूस वैतागायचा. "मॅडम, आत्ताच तर सांगितलं!" "मग पुन्हा सांगायला काय जातंय? जल्दी का काम शैतान का." शेवटी एक जाड वही पुढे यायची. काय विचारलं, काय उत्तर मिळालं, कशाला विमा लागू आहे, कशाला नाही, कोणता विमा घ्या म्हटलं आणि कोणता समोरच्यानं नको म्हटला, हे सगळं त्या वहीत तिच्या टपोऱ्या अक्षरात. खाली दोन शब्द, 'वाचून दाखवलं', आणि दोघांच्या सह्या. या वहीत खोडाखोड चालत नसे. चूक झाली तर वरची ओळ तशीच ठेवायची, खाली नवी ओळ लिहायची आणि सही करायची.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. वाळूजच्या कारखान्यात ते युनियनचं काम करायचे. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. मी अक्षरओळख त्यांच्यावरच केली. त्यामुळे आत्याची वही मला लहानपणापासून खटकायची. ही वही ग्राहकासाठी नाही, ग्राहकापासून वाचण्यासाठी आहे, असं मला वाटायचं. कॉलेजात असताना मी तिला ते तोंडावर म्हणालेही. ती हसली. "आली आमच्या घरची घोषणा! अगं, उद्या एखादा म्हणाला की बाईंनी मला फसवलं, तर मला कोण वाचवणार? तुझा बाप मोर्चा काढील का माझ्यासाठी?" मग म्हणाली, "आणि वही दोन्हीकडून वाचता येते. मी फसवलं असेल तर तेही त्यातच सापडेल."

आधी ती एकाच कंपनीची एजंट होती. पुढे परवाना काढून तिनं अनेक कंपन्यांचे विमे देणारं स्वतःचं ऑफिस सिडकोत थाटलं, एका पिठाच्या गिरणीच्या वर. फायलींवर कायम पिठाचं पुट असायचं. व्यवसाय वाढवायचा तर बाकीचे लोक 'सगळं मिळतं, काळजी करू नका' असं सांगून वाढवतात. आत्यानं ते वाक्य ऑफिसात बंद केलं होतं. माहीत नसेल तर "माहीत नाही, लेखी विचारून सांगते" म्हणायचं, हा चित्राताईंना दिलेला पहिला धडा. जे समजत नाही ते विकायचं नाही, हा दुसरा. एका रसायनाच्या कारखान्याचं मोठं काम तिनं त्यापायी परत पाठवलं. चित्राताई हळहळल्या तर म्हणाली, "आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. जळाला उद्या कारखाना, तर तो आपल्या अडाणीपणावर जळायला नको." तिचा स्वतःचाही एक विमा होता. मला समजावताना म्हणाली होती, "डॉक्टरचं ऑपरेशन चुकलं तर त्याचा विमा असतो ना, तसा आमच्या चुकीचा. माझ्या चुकीनं कुणाचं नुकसान झालं तर माझी विमा कंपनी त्याला भरून देईल." हा विमा ती दर वर्षी न चुकता भरायची, आणि ही सगळी खबरदारी घेऊनही ऑफिस वाढत गेलं. हळूहळू, पण वाढत गेलं. फुलंब्रीतही तिनं एक खोली घेतली. तिथं तिला 'विमेवाल्या बाई' म्हणायचे.

चूक फुलंब्रीतच झाली. बाजाराच्या दिवशी आरोग्य विम्याचं शिबिर ठेवलं होतं. गर्दी अशी की टेबल सरकत सरकत भिंतीला लागलं. फॉर्म टॅबवर भरायचे होते, आणि 'आधीचा काही आजार आहे का' या प्रश्नाला त्यात आधीच 'नाही' असं भरून ठेवलेलं होतं. आजार असेल तर ते बदलायचं. सकाळभर आत्या तिच्या पद्धतीनं वाचत होती. रांग मागून ओरडायला लागली, दुपारनंतर नेटही जाऊ-येऊ लागलं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिनं वाचून दाखवणं सोडलं. नुसतं विचारायचं, दाबायचं, पुढचा. वही पिशवीतच राहिली. त्या गर्दीत काशिनाथमामा होते. मेंढपाळ माणूस, चाळीसेक मेंढरं, बाकीचे दिवस मजुरी. सोबत त्यांची बायको सखूबाई. मामांना साखर होती, ते रोज गोळी घ्यायचे, आणि हे सखूबाईंनी आत्याला सांगितलं होतं. आत्यानं मान हलवली, आणि बोट पुढच्या प्रश्नावर गेलं. 'नाही' तसंच राहिलं.

दोन वर्षांनी मामांच्या पायात बाभळीचा काटा गेला. साखरेमुळे जखम चिघळली, आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. आजार लपवला असं म्हणून कंपनीनं विम्याचे पैसे नाकारले. सखूबाई ते पत्र घेऊन सिडकोत आल्या. मी त्या दिवशी तिथंच होते. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. "बाई, म्या तुमाला तवाच सांगितलं व्हतं का नाय, ह्यांना साखर हाय म्हून? सांगितलं व्हतं का नाय?" आत्यानं वही काढली नाही, फाईल मागवली नाही. म्हणाली, "सांगितलं होतं, सखूबाई. तुम्ही डोक्यावर हिरवा पदर घेतला होता, आणि सांगितलं होतं." सखूबाई एकदम मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "मंग आता मेंढरामागं कोन जाईल, बाई?" त्या भांडायला आल्या होत्या. भांडायला कुणी समोर राहिलंच नाही.

कायदा असा की एजंट कंपनीचा माणूस धरतात, पण आत्यासारखं स्वतंत्र ऑफिस ग्राहकाचा माणूस धरतात. म्हणजे तिची चूक ही सखूबाईंच्याच बाजूची चूक. कंपनी मोकळी. मामांना काही मिळण्याचा एकच रस्ता उरला होता: सखूबाईंनी आत्याविरुद्ध दावा सांगायचा, आणि आत्यानं स्वतःच्या चुकांसाठी काढलेल्या विम्यातून पैसे यायचे. आत्या म्हणाली, "आधी माझ्या विमा कंपनीला कळवते. तोवर आपण कुणी काही लिहायचं नाही." मला ते ऐकवलं नाही. एका माणसाचा पाय गेला, आणि ही बाई कागदपत्रांच्या आडोशाला बसणार! मी तिथंच टेबलावर बसून लिहायला घेतलं. आत्याच्या नावानं मथळा दिला: 'जाहीर कबुली'. चूक संपूर्णपणे माझी आहे, सखूबाईंनी आजार सांगितला होता, मी तो नोंदवला नाही, या कुटुंबाच्या नुकसानीला मी जबाबदार आहे... मला लिहिता येतं, आणि त्या दिवशी फारच चांगलं लिहिता आलं.

आत्यानं कागद वाचला. मग कपाट उघडून स्वतःच्या विम्याची पॉलिसी काढली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे बघ, यात एक अट आहे. ऐक, मी वाचते..." पेनाची टक् टकही झाली. मी म्हणाले, "आत्या, पुरे! आयुष्यभर अटी वाचल्यास. आज एकदा माणसासारखी वाग." मी आणखी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात बाबांचं नाव होतं, आणि भित्री हा शब्द होता. तिनं पॉलिसी मिटली आणि सही केली. मी लगेच निघाले. संध्याकाळी पत्रक छापून झालं होतं, गुलाबी कागदावर, आणि पुढच्या बाजाराला मी फुलंब्रीत ते हातानं वाटलं. लोक थांबून वाचत होते. एक म्हातारा मला म्हणाला, "असा कागद आमी कदीच नाय पाहिला, पोरी. मोठ्या मानसानं चूक कबूल केली..." मी किती खूश होते, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

ती अट अशी होती: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल केली, तर कंपनी काहीही देणं लागत नाही. महिनाभरात उत्तर आलं. सोबत गुलाबी पत्रकाची झेरॉक्स जोडली होती. आठ-दहा दिवस गप्प राहिलो असतो, तर मामांच्या घरी निदान काहीतरी गेलं असतं. माझ्या प्रामाणिकपणानं ते बंद झालं. मी सखूबाईंना सांगायला गेले तेव्हा मामा ओट्यावर बसले होते, आणि मेंढरांचं वाडगं रिकामं होतं. मेंढरं विकून झाली होती. सखूबाईंना मी अट समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "म्हंजी बाई खोटं बोलली असती तर मिळालं असतं व्हय?" मी म्हणाले, खोटं नाही, नुसतं थांबायचं होतं. "थांबायचं व्हतं," त्या म्हणाल्या. एवढंच. चहा केला, मला दिला. मी तो प्यायले.

आत्यानं आपल्या जवळचं जे होतं ते मामांना दिलं. फुलंब्रीची खोली सोडली. ते गुलाबी पत्रक हिंडत राहिलं, आणि ज्यांच्या फॉर्ममध्ये काही चूक झालेली नव्हती तेही आपापले कागद घेऊन दुसरीकडे गेले. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. मी घरी गेले की विचारायची, "काय म्हणते तुझी क्रांती? जेवलीस का?" तिला दम लागायला लागला होता. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "हो, बघू." दुसऱ्याच्या आजाराचा रकाना एवढा चोख भरणारी बाई... स्वतःचा तिनं कोराच ठेवला. आमच्यातल्या कुणी तो भरूनही घेतला नाही.

ज्या पत्रकांवर मी वाढले त्यांच्याविषयी मला आता काय वाटतं, असं बाबांनी परवा विचारलं. खरं बोलावं, हे मला अजून वाटतं. पण खरं बोलण्याची किंमत कुणाच्या घरातून जाणार, हे मी विचारलं नव्हतं. ते विचारायला आत्या बसली होती, हातात पॉलिसी धरून, आणि तिला मी दोन मिनिटं दिली नाहीत. याला आता काही उपाय नाही. मामांचा पाय परत येणार नाही, त्यांची मेंढरं परत येणार नाहीत. सखूबाई शहरात कुणाच्या तरी घरी भांडी घासायला येतात, असं चित्राताईंकडून कळलं. कोणत्या भागात, ते मी विचारलं नाही.

परवा ऑफिस रिकामं करायला गेले. जागा महिनाअखेर परत द्यायची आहे. टेबल, तिची खुर्ची, समोर ग्राहकाची खुर्ची. सगळ्यावर खालच्या गिरणीचं पीठ. वह्या कपाटात ओळीनं लावलेल्या होत्या. शेवटची वही चाळली. शेवटची नोंद त्याच दिवसाची, मी पत्रक घेऊन निघाले त्याच्यानंतर लिहिलेली. ग्राहकाच्या नावाच्या जागी माझं नाव. खाली तिच्या अक्षरात: 'अट मला माहीत होती. सही मी माझ्या मर्जीने केली. कुणी भाग पाडले नाही.' खाली तिची सही. माझ्या सहीची जागा रिकामी. उद्या कुणी विचारलंच, तर बोट माझ्याकडे जाऊ नये म्हणून तिनं ही तजवीज करून ठेवली होती... इतक्या वर्षांच्या सगळ्या वह्यांमध्ये ही एवढी नोंद खोटी आहे.

मी तिच्या खुर्चीत बसले. खोडाखोड चालत नाही, म्हणून वरच्या ओळींना हात लावला नाही. खाली नवी ओळ लिहिली: 'भाग पाडले. अट ऐकून घेतली नाही.' सही केली. मग टेबलावर पेनानं टक् टक् केलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.