लाडू संपव

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मे महिन्यात दर रविवारी मुलांचा संस्कारवर्ग भरतो. तिथे फुकट राबायला कोण, तर मी. बँकेतून रिटायर झाल्यावर घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा तिथे जा, असं नवऱ्यानेच सुचवलं. चार वर्षांच्या शेंबड्यांपासून नववीतल्या शिष्ट मुलींपर्यंत सगळी एका सतरंजीवर. लहानांना गोष्ट सांगावी तर मोठी जांभया देतात, मोठ्यांना श्लोकाचा अर्थ सांगावा तर लहान सतरंजीचे दोरे उपसतात.

शेवटी खाऊ असतो, तेव्हा मात्र सगळ्यांची एकी. तिथे माझा नियम कडक होता: पानात पडलेलं टाकायचं नाही. आईने आम्हाला असंच वाढवलं आणि मला त्याचा भारी अभिमान.

त्या रविवारी दाण्याचे लाडू होते, मीच वळलेले. पहिल्यांदाच आलेली एक सहा वर्षांची मुलगी लाडवाला हातच लावेना.

"मला नको."

"नको म्हणायचं नाही, बाळा. अन्नाला नावं ठेवू नयेत."

"आई नको म्हणाली."

"आईला मी सांगते. खा बघू."

"मला त्रास होतो," ती पुटपुटली.

दोन पोरं वाढवलीत मी, असली नाटकं कोळून प्यायलेय, असं मला वाटलं. म्हटलं, तुझ्यासाठी सगळे थांबलेत, चल, संपव. तिने औषध घ्यावं तसा डोळे मिटून अर्धा लाडू खाल्ला.

पाचेक मिनिटांत नववीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, हिचे ओठ बघा."

ओठ टम्म सुजले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या आणि श्वास घेताना छाती वाजत होती. खरं सांगते, मी तिथे नुसती उभी राहिले. तिला उचललं त्या नववीतल्या मुलीने, रिक्षाही तिनेच थांबवली.

हॉस्पिटलात दाण्याची अ‍ॅलर्जी म्हणाले, मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. अजून दहा मिनिटं गेली असती तर हाताला लागली नसती, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. मी बाकावर बसून माझ्या हातांकडे बघत राहिले. त्यांना अजून तुपाचा वास येत होता.

तासाभराने तिची आई धावत आली. मुलगी तोवर उठून बसली होती. आईने माझे दोन्ही हात घट्ट धरले. "तुम्ही वेळेवर आणलंत, काकू." मग मुलीवर चिडली, "कोणी खायला दिलं तर काय म्हणायचं, किती वेळा घोकून घेतलंय तुझ्याकडून? का नाही बोललीस?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "सॉरी आई."

गप्प बसले असते तर निभावलं असतं, हेही मनात येऊन गेलं.

"बोलली होती ती," मी म्हटलं. "तीनदा. मीच जबरदस्तीने खायला लावलं."

आईने माझे हात सोडले. मुलीला छातीशी धरून तिलाच सॉरी म्हणत राहिली.