बोरिवली ते मरोळ, एका पिवळ्या टिपक्यासाठी

आमच्या ओळखीतले लोक काश्मीरला जातात, बद्री-केदारला जातात आणि आल्यावर महिनाभर ऐकवतात. माझा प्रवास बोरिवली ते मरोळ आणि परत, एवढाच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण काश्मीरहून परतलेल्यांपैकी कुणाला भर जंगलात गाडी सोडून, सासूला पहाऱ्याला बसवून, मदत आणायला बस पकडावी लागली असेल तर त्यानं पुढे यावं. मी त्याचंही प्रवासवर्णन ऐकून घेईन.

गाडी मोठ्या भावोजींची. सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात होते, परत येताना जपानी गाडी घेऊन आले. दोन वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं तेव्हा ती आमच्याकडे ठेवून गेले. आमचे हे स्टिअरिंगला हात लावत नाहीत, घाबरायला होतं म्हणतात. मग मी शिकले. ऐंशीच्या दशकातलं बोरिवली, गाडी चालवणारी बाई म्हणजे गॅलरीत उभं राहून बघायची गोष्ट. मी गाडी काढायला लागले की वरच्या मजल्यावरचे आजोबा खालच्या पोरांना हाका मारून बाजूला करायचे. त्यांचा स्वतःचा मुलगा स्कूटर घेऊन दोनदा गटारात गेला होता, तेव्हा मात्र रस्ता खराब होता.

पावसाळा संपता संपता ब्रेक मला बरा वाटेना. सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलं की पायाखालून तो हळूहळू खाली जायचा. मी घरी सांगितलं. हे म्हणाले, "जपानी गाडीचा ब्रेक बसत नाही. तुझा पाय बसत नाही." आमच्या घरात घड्याळ जपानी, ट्रान्झिस्टर जपानी, आणि दोन्हींवर यांचा सत्यनारायणापेक्षा जास्त विश्वास.

दसऱ्यानंतर भावोजींचं पाकीट आलं. आत कंपनीचं पत्र होतं. या मॉडेलच्या ब्रेकमधला एक भाग सदोष निघाला आहे, त्यामुळे ब्रेक पायाखाली खचतो, म्हणून आम्ही सगळ्या गाड्या तपासणीला परत बोलावत आहोत, भाग विनामूल्य बदलून मिळेल, मुंबईत आमच्या मरोळच्या प्रतिनिधीकडे जावे. मी ते पत्र यांच्या ताटाशेजारी ठेवलं. यांनी वाचलं, घडी घातली.

"हे म्हणजे कंपनीची काळजी घ्यायची पद्धत," हे म्हणाले. "जा मरोळला. त्यांनी बदलून दिलं तर तू खरी. गाडी ठीक आहे म्हणाले तर किल्ली कपाटात. मी दादाला लिहितो, गाडी विकून टाक म्हणून."

"लिहा," मी म्हटलं. "पेन देऊ?"

निघायच्या दिवशी सासूबाई नऊवारी नेसून जिन्यात तयार. सासरे गिरणीत होते, सगळी हयात परळच्या चाळीत गेली. उपनगरं सासूबाईंनी कधी नीट बघितलीच नव्हती. "एकटी खंय जातंस? मिया येतंय," म्हणाल्या (मिया म्हणजे मी, बाई मालवणच्या, चाळीस वर्षं मुंबईत राहून बोली तसूभर सोडलेली नाही). त्यांनी डब्यात घावणे आणि चटणी घेतली होती, जणू कोकणातच निघालो होतो.

हायवेला मी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. कांदिवली-मालाडच्या खाणींतून दगडाचे ट्रक यायचे, त्यांच्या धुळीनं काच पांढरी झाली. मागचा प्रत्येक जण हॉर्न देऊन ओव्हरटेक करी आणि वळून बघे की चालवतंय कोण. बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर 'तरीच' असं यायचं. मी एकालाही जागा लवकर दिली नाही.

गोरेगावला डावीकडे वळून आरे कॉलनीत शिरलो आणि एकदम थंड वाटलं. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच सरकारी तबेल्यांच्या लांब लांब कौलारू शेड, आणि हवेत शेण आणि ओल्या गवताचा वास. दूध केंद्रावर थांबून आम्ही काचेच्या बाटलीतलं थंड दूध प्यायलो आणि घावण्यांचा डबा उघडला. पाड्यावरची (पाडा म्हणजे आदिवासी वस्ती) एक बाई टोपलीत पेरू घेऊन बसली होती. सासूबाईंनी तिच्याकडून पेरू घेतले आणि पाच मिनिटांत तिच्याशी नातं जोडलं. मग समोरच्या शेडकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्या म्हशींची न्हाणी आमच्या चाळीतल्या खोलयेपेक्षा मोठी आसा." मी मोजमाप मनातल्या मनात केलं. त्यांचं बरोबर होतं.

मरोळ म्हणजे औद्योगिक वसाहत. पत्र्याच्या शेड, लेथचा आवाज, फाटकाशी बिडी ओढणारे कामगार. प्रतिनिधीचं वर्कशॉप मात्र टापटीप होतं, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं जपानी कॅलेंडर. सासूबाईंना बाहेर बाकावर चहा देऊन बसवलं आणि मी पत्र घेऊन आत गेले. फ्रान्सिस नावाचा पन्नाशीचा मेकॅनिक आला. मरोळ गावातलाच, पिढीजात. त्यानं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि लगेच सरळ झाला.

"बाई, याचा झालाय."

"काय झालाय?"

"मास्टर सिलिंडर. ब्रेकचा दाब चाकांना पोचवतो तो हा डबा. बदललेल्या नव्या डब्याला कंपनी पिवळा टिपका मारून पाठवते. हा बघा टिपका."

होता खरा. काळ्या लोखंडावर बोटाएवढा पिवळा टिपका. मी म्हटलं, पत्र आत्ता आलंय, गाडी दोन वर्षं बोरिवलीत उभी आहे, बदलला कुणी? तोवर मॅनेजर आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "मॅडम, सिंगापूरलाच बदलला असेल. तुमच्या दिरांना विचारा." आणि पत्रावर 'तपासले, भाग नवीन, गाडी ठीक' असं लिहून शिक्का मारला.

गाडी ठीक. मी तो शिक्का वाचला आणि मला किल्लीसकट कपाट दिसलं. ब्रेक खचतो हे मी पुन्हा सांगितलं. मॅनेजरनी यांचंच वाक्य वापरलं, फक्त पाय शब्द टाळला आणि सवय म्हणाले. एवढ्या लांब येऊन मी गप्प बसले, याचा मला आजही राग येतो. टिपका डोळ्यांनी दिसत होता ना. डोळ्यांपुढे माणूस पायाचं ऐकत नाही.

परतीला पुन्हा आरेचाच रस्ता. चढ संपला, उतार लागला आणि पुढे वळणावर गवताचे भारे लादलेली हातगाडी. मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय गेला तो गेलाच, थेट तळाला. वाट लागली. दोनदा पाय उचलून दाबला, गिअर खाली ओढला, हँडब्रेक वर खेचला, आणि हातगाडी सोडून डावीकडच्या मातीच्या ढिगात गाडी घातली. ढिगानं आम्हाला झेललं. हातगाडीवाला भैया भारे सोडून केव्हाच बाजूला पळाला होता.

"लागलं का तुम्हाला?" मी सासूबाईंना विचारलं.

"नाय. पण चटणी सांडली," त्या म्हणाल्या.

खाली उतरून मी बॉनेट उघडलं. का, ते मलाही माहीत नाही. गाडी बंद पडली की लोक उघडतात म्हणून. सासूबाई पदर खोचून शेजारी येऊन वाकल्या आणि एकदम खूश झाल्या. "बघ गो, माझी हळद अजून तशीच आसा."

दसऱ्याला गाडीची पूजा त्यांनी केली होती. बॉनेट उघडून आतल्या यंत्रालाही हळद वाहिली होती. कुंकवाची डबी बाहेरच्या स्वस्तिकातच संपली, म्हणून आत नुसतं हळदीचं एक ओलं बोट. आणि बोट टेकवायला सगळ्यात सोयीचं, वरच आलेलं काय, तर तो डबा.

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं, थोडं थोडं. मग त्यांना म्हटलं, मी जाऊन त्या लोकांना इथे घेऊन येते, त्यांनी या जागेवर येऊन बघायला हवं.

"जा तू. गाडयेक मिया सोडूचंय नाय," असं म्हणून त्या पुन्हा आत बसल्या, काच वर केली आणि पेरू खायला घेतला.

झाडीतून येणारी बस मी हात करून थांबवली. मरोळला उतरले तेव्हा मॅनेजर जेवत होते. मी त्यांच्या डब्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुमची ठीक गाडी मातीच्या ढिगात आहे. माझी सासू तिच्यात बसली आहे. चला." कामगार बघत होते म्हणून असेल, किंवा सासू हा शब्द ऐकून असेल, पण त्यांनी डबा बंद केला. जीप निघाली; पुढे ते, मागे फ्रान्सिस आणि मी.

आम्ही पोचलो तोवर तिथे बऱ्यापैकी माणसं जमली होती. तबेल्यातले भैये, पेरूवाली बाई, दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर. मॅनेजर गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि खिशातलं एक पेन काढलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी दोन ओळी लिहिल्या. चालकाचा अंदाज चुकल्यामुळे गाडी रस्त्याखाली गेली, यंत्रात दोष नाही.

"यावर सही करा मॅडम. मग आम्ही गाडी ओढून नेतो. जपानी गाडी आहे. ब्रेक फेल होत नसतो, मारायला उशीर होतो."

मी कागद वाचला. ही सही म्हणजे यांचं वाक्य, वरच्या आजोबांचं वाक्य, हायवेवरच्या प्रत्येक हॉर्नचं वाक्य, आणि खाली माझं नाव. मी पेन त्यांच्या खिशात परत खोचलं.

"सही नाही करणार. आणि गाडी इथून हलणारही नाही. फ्रान्सिस, बॉनेट उघडा."

त्यानं उघडलं. मी सासूबाईंना खाली बोलावलं आणि त्यांचा पदर मागितला. त्यांनी टोक पुढे केलं, गाडीतल्या बाटलीतलं पाणी मीच ओतलं. सगळ्यांच्या समोर तो पिवळा टिपका मी पुसला. एका हातात निघाला. खाली जुनं, गंजायला आलेलं लोखंड, आणि कडेनं ब्रेकचं तेल पाझरत होतं. पदराचं पिवळं टोक मी मॅनेजरच्या नाकासमोर धरलं. "हुंगा. कंपनीचा रंग आहे का सांगलीची हळद?"

मॅनेजरनी हुंगलं नाही. म्हणाले, "म्हणजे तुम्हीच खूण लावलीत. दिशाभूल तुमच्या बाजूनं झाली."

इथे सासूबाई पुढे झाल्या. पदर सोडवून घेतला, कमरेला खोचला. "हळद मियाच लावलंय. माझ्या झिलाची गाडी, दसऱ्याक पूजूक नको?" (झील म्हणजे मुलगा.) "पण लोखंडाक हळद लावली म्हणान तां नवां होता काय? तू शिकलेलो ना रे?"

भैयांना मालवणी येत नव्हती, तरी ते हसले. मॅनेजर फ्रान्सिसकडे बघायला लागले, यानं काहीतरी बोलावं म्हणून. तो बोलला.

"चूक माझी साहेब. डब्यावरचा नंबर बघायचा असतो. मी पिवळा बघितला न् पुढे गेलो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, आधीची जपानी गाडी वेगळी होती, वीस वर्षं खोलायला लागायची नाही. आता यांना पण घाई झाली, पत्रा बघा कसा पातळ. पण निदान चिठ्ठी पाठवतात, आमचा माल चुकला म्हणून."

तेच तर. समुद्रापार बसलेली कंपनी आपली चूक कागदावर छापून पाठवते, आणि मरोळच्या साहेबाला ती वाचायची लाज वाटते. माल परत बोलावण्यात कसली आली बेअब्रू? बेअब्रू त्या दोन ओळींच्या कागदात होती. तो मी फाडला नाही. पेरूवालीला दिला, तिनं उरलेले चार पेरू त्यात बांधून सासूबाईंना दिले.

जीपला लोखंडी दांडा जोडून गाडी मरोळला गेली. नवा डबा खोक्यातून माझ्यासमोर काढला, त्यावर कारखान्याचा पिवळा टिपका होता, गुळगुळीत आणि वास नसलेला. बसवून झाल्यावर फ्रान्सिस मला शेजारी बसवून वसाहतीत एक फेरी मारून आला. मग मी एकटीनं मारली. ब्रेक पायाखाली दगडासारखा थांबला. शिक्क्याखालचं 'गाडी ठीक' मॅनेजरनी स्वतःच्या हातानं खोडलं, 'सदोष भाग बदलला' असं लिहिलं आणि सही केली. त्यांच्या दुसऱ्या पेनानं. काढलेला जुना भाग मी मागून घेतला. नियमात बसत नाही म्हणाले. मी म्हटलं, मी पण बसत नाही.

दिवेलागणीला बोरिवलीला पोचलो. हायवेवर मी चौथा गिअर टाकला. सोसायटीत वरचे आजोबा गॅलरीत होतेच. त्यांनी पोरांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मी गाडी फाटकात एका जागी करकचून थांबवून दाखवली. गरज नव्हती. तरी दाखवली.

दार यांनी उघडलं. एवढा उशीर झाला म्हणजे काय झालं असणार हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. काही न विचारता हात पुढे केला. "किल्ली."

मी पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो भाग काढला आणि त्या पसरलेल्या हातावर ठेवला. कागदातून तेल झिरपून यांच्या बोटांमधून खाली आलं. मागून सासूबाई चपला काढत म्हणाल्या, "ब्रेक गेल्लो. ही होती म्हणान मिया जिवंत आसंय."

हे ते लोखंड तसंच हातात धरून वळले. मग आत गेले. कपाटात कागद पसरला, आणि किल्ली ठेवायची ठरली होती त्या खणात तो भाग ठेवला. अजून तिथेच आहे. किल्ली माझ्याकडे असते.