सासूबाईंना गाडीत बसवून कसलेले चार बोल्ट

चिखलदऱ्याला निघणारे लोक आधी खोली बघतात, मग स्वेटर काढतात. आमचा प्रश्न वेगळाच होता. माझी बायको शोभा आठ महिने माझ्या गाडीत बसलेली नव्हती, आणि तिची आई मात्र याच गाडीनं चिखलदरा पाहायचा म्हणून अडून बसली होती.

सासूबाई अमरावतीला राहतात. घर माळ्याचं; शहराच्या कडेला वांगी, मेथी, शेवंती पिकवून विकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. चिखलदरा तिथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, पण त्या कधी वर गेल्या नव्हत्या. आता कंबर धरल्यामुळे एसटीचा बाक सोसत नाही. माझ्या जुन्या पद्मिनी गाडीची मागची सीट त्यांना पलंगासारखी वाटते. फोनवर म्हणाल्या, "ज्याईले मी भाजी विकली ते सारे जाऊन आले. मीच राह्यली."

शोभाचं उत्तर एका ओळीचं होतं. "आईले त्या गाडीत मी बसू देनार नाई."

तिची बाजूही सांगतो. होळीच्या सुमारास अमरावतीहून परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक गेलं, स्टेअरिंग हातात फिरलं आणि गाडी सरळ समोरच्या ट्रककडे निघाली. मी आणली वळवून. लागलं कोणालाच नाही. पण शोभा मूर्तिजापूरला उतरली आणि एसटीनं अकोल्याला आली. मी रिकामी गाडी घेऊन त्या एसटीच्या मागे मागे.

माझं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवीन तार भरतो. वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही, गाडीही कोणी शिकवली नाही. पुस्तक आणि पाना, हेच दोन गुरू. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं, भरून ठेवलेल्या मोटारी न्यायलाही कोणी फिरकत नव्हतं. वेळ भरपूर होता. आठ महिन्यांत स्टेअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या टाय-रॉडचे चारही गोळे, पुढच्या चाकांच्या आर्ममधले रबरी बुश आणि दोन्ही शॉकअप मी एकट्यानं बदलले. प्रत्येक नटाखाली वॉशर नवा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शोभाला म्हटलं, "अमरावतीपर्यंत बसून तर पाहा. नाही पटलं तर आईंना नेणार नाही."

बसली. मागे बसली, पण बसली.

पहिला दिवस: अकोला ते अमरावती

सकाळी सातला निघालो. अंतर शंभराच्या आत, पण अडीच-तीन तास धरा. खालची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. खड्डे चुकवता येतात, या लाटा चुकवता येत नाहीत. शिवाय डिसेंबरात कापसाच्या गाड्या असतात, अर्धा रस्ता व्यापून. त्यांना हॉर्न मारू नका. बैल बिचकले तर कापूस तुमच्याच बॉनेटवर. मूर्तिजापूरला आलूबोंडे आणि चहा, दोघांचे अठ्ठावीस रुपये. तर्री मागून घ्या, तिचे पैसे लागत नाहीत.

बडनेऱ्याच्या अलीकडे आवाज सुरू झाला. टक. मग पुन्हा टक. आणि वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होईना, हातानं ओढून आणावं लागे.

"हे काय वाजून राह्यलं?" मागून शोभा.

"रस्ता."

"रस्ता डाव्याच बाजूनं वाजते काय?"

मी वेग कमी केला.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. नवं लुगडं, पायाशी पिशवी. शोभानं चप्पलही काढली नाही. "आई, नाई जमत. गाडी वाजते." सासूबाईंनी पिशवी उचलून आत नेऊन ठेवली, बाहेर आल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"जवाईबापू, गफ्फारले दाखवा."

गफ्फारभाई म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारे गाड्यांचे मिस्त्री. त्यांच्या घरी सासूबाईंची मेथी जाते. मी म्हटलं, "आई, अकरा वर्षांत या गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला नाही."

"म्हनूनच दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

गफ्फारभाई साठीचे असतील. काही विचारलं नाही. गाडी गल्लीत एकदा पुढे-मागे घेतली, गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर उभी केली आणि बॅटरी घेऊन खाली उतरले. मी वाकून पाहत होतो. शोभाही आली.

"भाऊ, हे बुश कोनं बसवले?"

"मी."

"सफाईनं बसवले. माल बी असली हाये."

मी शोभाकडे पाहिलं.

"पन कसले कधी? गाडी जॅकवर होती तवा?"

"मग कधी कसणार?"

"तवा चाक तं लटकून होतं ना भाऊ. लटकत्या पायात तुमी जोडा बांधला. आता मानूस उभा राह्यला तं जोडा चावनार नाई का?"

सांगतो काय झालं होतं. हा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमधलं रबर. बोल्ट कसला की रबर त्याच जागी पकडलं जातं. चाक हवेत असताना कसलं, तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं, आणि आमच्या लाटांच्या रस्त्यावर काही महिन्यांत फाटतं. डावीकडचं फाटलं होतं. माझ्या पुस्तकात गाडी भरून बोल्ट कसावेत असं लिहिलेलं आहे. मीही भरली होती. आधी बोल्ट कसले आणि मग ढेपेची दोन पोती टाकून बाळापूर रोडवर चक्कर मारून आलो. क्रमच उलटा. आणि हे पुस्तक मी सात वेळा वाचलेलं.

"अन् हा स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू?" खालून आवाज.

"तोही मीच आवळला. स्टेअरिंगला ढिलाई होती."

"ढिलाई इथं नव्हतीच. ती त्या बाजूच्या आयडलरमंदी. तुमी तब्येत बरी असनाऱ्याले गोळी देल्ली."

दुपारपर्यंत आयडलरचा, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याला पलीकडून आधार देणाऱ्या भागाचा, बुश नवा बसला, स्क्रू सैल झाला, आर्मचे नवे बुशही आत गेले. बोल्ट मात्र त्यांनी बोटानंच फिरवून ठेवले. गाडी जॅकवरून उतरवून खड्ड्यावर चाकांवर उभी केली आणि हात पुसत विचारलं, "उद्या जानार कोन कोन?"

"तिघं. जमलं तर."

"मंग बसा तिघंई. सामान बी टाका. ज्याची जागा जिथं, तिथंच."

ही त्यांची पद्धत. ज्यांना प्रवास करायचा त्यांचंच वजन गाडीत ठेवून, त्याच उंचीला, खालून शेवटचा पाना. सासूबाई तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन मागे बसल्या आणि मांडीवर ताट ठेवून सोलायला लागल्या. शोभा बाहेरच उभी.

"ताई, तुमची जागा रिकामी हाये," गफ्फारभाई खड्ड्यातून म्हणाले. "तिकडं वजन नाई तं मी कसनार नाई."

शोभानं पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसली. अर्धा तास आम्ही तिघं कुठंही न जाणाऱ्या गाडीत बसून होतो. गल्लीतला एक जण थांबला. "काकू, कुठं निघाले?"

"चिखलदऱ्याले," सासूबाई म्हणाल्या. "निघालो दुपारीच, पोचून काही नाई राह्यलो."

शोभा हसली, मग खिडकीतून खाली वाकली. "गफ्फारभाई, खरं सांगा. आईले घाटात नेऊ का?"

"तुमी बसान का?"

शोभा पुन्हा आत सरकून बसली.

तीन बोल्ट झाले. मग गफ्फारभाई वर आले, माझ्या बाजूचं दार उघडलं. "भाऊ, तुमी उतरा. मी बसतो तुमच्या जागी, वजन बराबरच हाये. चौथा तुमी कसा."

मी खड्ड्यात उतरलो. वर शेंगा सोलल्याचा आवाज. पाना लावला, कसला, अजून एक पाव फेरा दिला. वरून विचारणा झाली, "झाला?" मी म्हटलं, "झाला." ते बघायला खाली आले नाहीत. मजुरी दीडशे घेतली, तुरीचे दाणे मूठभर.

रात्री जेवताना शोभा आईला म्हणाली, "तुह्या गोळ्या पिशवीत टाकल्या का? सकाळी सातले निघाचं हाये."

दुसरा दिवस: वर

अमरावती ते परतवाडा रस्ता बरा आहे. परतवाड्यातच टाकी भरून घ्या, वर पेट्रोलचा भरवसा नाही. पुढे घाट, तीसेक किलोमीटर. जुनी गाडी दुसऱ्या गिअरवर सुखानं चढते, फक्त इंजिनचं पाणी तापल्याचा काटा बघत राहा. पहिलं मोठं वळण आलं. स्टेअरिंग वळवलं, पकड ढिली केली, आणि ते तळव्याखालून घरंगळत आपणहून सरळ झालं. कुठं टक नाही की खट नाही.

शोभा मागे वळली. मला वाटलं, गाडीबद्दल काही बोलेल. "आई, काच लाव. हवा लागते तुले," ती म्हणाली, आणि पुढच्या वळणावर झाडावरची माकडं दाखवायला लागली.

वर खोली साडेतीनशेला मिळाली, गरम पाण्याची बादली धरून. पॉइंटवर बाकी लोक दरीकडे बघत होते. सासूबाईंनी खालचा एक हिरवा तुकडा हेरला. "थे कोनाचं वावर हाये? याईले पानी कुठून भेटते?" कॉफीच्या झाडाखालची माती चिमटीत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "मेथी झकास येईन इथं." रबडी खाच, पानाच्या द्रोणात, वीस रुपये. सासूबाईंनी दोन खाल्ल्या आणि संध्याकाळी शाल गुंडाळून पुन्हा कड्याशी जाऊन बसल्या. शोभा चला म्हणाली तर म्हणाल्या, "थांब ना वो, पाहून राह्यली ना मी."

तिसरा दिवस आणि घर

दुपारी सासूबाईंना घरी सोडलं. त्या उतरल्या आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "संक्रांतीले मले रिद्धपूरले न्या. पयले गफ्फारले दाखवून घ्या."

जुन्या गाडीनं घाट चढायचा विचार असेल तर एवढं करा: माणसं बसवा, मग बोल्ट कसा. या प्रवासातून मी काय शिकलो असं कोणी विचारलं तर हेच सांगतो. शिकवणारा माणूस होता, हेही सांगतो. पूर्वी सांगितलं नसतं.

बोरगाव मंजूनंतर मी स्टेअरिंगबद्दल काहीतरी समजावत होतो. उत्तर येईना म्हणून पाहिलं तर शोभा झोपली होती, तोंड किंचित उघडं, डोकं काचेला. पुढचे सोळा किलोमीटर मी ताशी तीसच्या वर गेलो नाही. घरासमोर आलो तेव्हा उजेड होता. इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो.

शेजारचे देशमुखकाका कंपाउंडवरून वाकले. पद्मिनीवर त्यांचा जुना राग आहे. "काय वो, पडली का बंद?"

एरवी मी त्यांना अर्धा तास ऐकवलं असतं.

"हो," मी म्हटलं.

"धक्का मारू?"

"नको. हळू बोला."