सावलीतल्या जांभळांचा निकाल

माझी दिवंगत पत्नी सुनंदा हिचा एक वाद अनिर्णित राहिला होता. त्याचा निकाल पाहण्यासाठी मार्चमधील एका सकाळी मी भिवंडीहून माझ्या सासुरवाडीस निघालो.

सुनंदा वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. वाद होता तिच्या धाकट्या भावाशी, दामोदररावांशी. त्यांच्या मालकीच्या दाट रानात जांभळाची रोपे खुरटत. दामोदरराव सावलीला दोष देत. सुनंदा म्हणे, माती उपाशी आहे. भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमीन भाजतात, त्या राबासाठी रानातला पातेरा, म्हणजे गळलेला पाला, दरवर्षी झाडून नेला जाई. सुनंदाने हट्टाने एक पट्टा मागून घेतला. तिथला पातेरा कोणी उचलायचा नाही, असे ठरले. पट्ट्यात आणि पट्ट्याबाहेर तिने एकाच झाडाच्या बिया लावल्या. त्यानंतर वर्षभरात ती गेली.

गेल्या आठवड्यात दामोदररावांचा फोन आला. "भावजी, फरक दिसला न्हाय तं यंदा पट्टा राबाला घेतो. फांद्या पन छाटतो."

जाणाऱ्यांनी सातच्या आत निघावे. वडप्यापर्यंत गोदामांकडे वळणारे कंटेनर रस्ता अडवितात. फाट्यावर मिसळ बरी मिळते. पुढे शेअर रिक्षा तीस रुपये घेते. पाणी सोबत ठेवावे.

रानात शिरताच गारवा जाणवला. वर आंबे आणि जांभळे एकमेकांत गुंतलेली. पट्ट्याबाहेर जमीन अंगणासारखी स्वच्छ आणि टणक होती. रोपे वीतभर, पिवळट. पट्ट्यात पाऊल पातेऱ्यात रुतले. रोपे माझ्या गुडघ्याला लागत होती.

दामोदरराव खाली बसले, रोपांना वीत लावून पाहू लागले.

"इथं ऊन येत असंल," ते म्हणाले.

"मग दुपारपर्यंत थांबू," मी म्हणालो.

आम्ही थांबलो. उन्हाचा कवडसा शोधत दामोदरराव चक्क पातेऱ्यावर आडवे झाले. माध्यान्ह टळली, तरी दोन्हीकडे सावली सारखीच गडद राहिली. मी मूठभर माती उचलली. ती काळी, ओलसर होती आणि तिला वास होता. बाहेरची माती नखालाही दाद देईना. सावलीत प्रकाश थोडा असतो हे खरे. परंतु त्या थोड्या प्रकाशावर वाढण्यासाठीही रोपाला ओल आणि खत लागतेच.

एवढ्यात दामोदररावांची पत्नी, कमलवहिनी, पातेऱ्यासाठी टोपली घेऊन आल्या.

"ए, उचलू नको," दामोदरराव पडल्या पडल्याच म्हणाले.

"काल तुमीच बोललात ना, झाडून आन म्हनून?"

"काल बोललो. आता पलीकडं पडंल तो पन ऱ्हाऊ दे."

"मंग राब कशाचा भाजू? तुमच्या धोतराचा?"

"बांधावरचं गवत हाय ना." मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "ताई लहानपनापासून अशीच. हरायची न्हाय."

जेवणात तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे होते. कित्येक महिन्यांनी मी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

एका रानावरून शास्त्र सिद्ध होत नाही, असे सुनंदानेच मला बजावले असते. तरीही परतताना कंटेनरांच्या रांगेत अडकलेल्या एसटीत मी ताठ बसलो होतो, जिंकलेल्या पक्षाचा वकील बसावा तसा.

घरी सज्ज्यात तिच्या कुंड्या आहेत. ती गेल्यापासून गळलेली पाने मी रोज वेचून केराच्या डब्यात टाकीत असे. त्या संध्याकाळी पाणी घातले आणि पाने होती तिथेच राहू दिली.